‘जेन्युइन पोझिशन’चं पॅकेज: पैसे नेमके कशाचे मोजायचे

ऑस्ट्रेलियात परदेशी कुशल माणसाला स्पॉन्सर करायला निघालेल्या छोट्या व्यावसायिकापुढे मायग्रेशन एजंट सहसा तीन गोष्टींचं एकत्र पॅकेज ठेवतात: स्पॉन्सरशिपचा अर्ज, नॉमिनेशन (कोणत्या पदावर कोणाला घ्यायचं त्याचा अर्ज) आणि ‘जेन्युइन पोझिशन सबमिशन’, म्हणजे पद खरं आहे हे पटवणारं निवेदन. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी फॉर्म नीट भरण्याच्या आहेत. तिसरी मात्र तशी नाही, आणि नॉमिनेशन अडतं ते बहुतेक तिथेच. टेंपररी म्हणजे ४८२ व्हिसासाठी मायग्रेशन रेग्युलेशन २.७२ म्हणतं की पद खरं असलं पाहिजे. पर्मनंट म्हणजे १८६ व्हिसासाठी रेग्युलेशन ५.१९ म्हणतं की त्या मालकाला, त्याच्या थेट देखरेखीखाली, पगारी माणूस नेमण्याची खरी गरज असली पाहिजे. अर्ज तपासणाऱ्या केस ऑफिसरच्या डोक्यातला प्रश्न दोन्हीकडे एकच असतो: या धंद्याला हा माणूस खरंच लागतोय, की व्हिसासाठी खुर्ची मांडली आहे?

या तिसऱ्या गोष्टीसाठी बाजारात जे विकलं जातं, त्याचं हे परीक्षण आहे. तीन प्रतींच्या सेवा दिसतात. एक, रेडीमेड पत्र, ज्यात कंपनीचं नाव आणि पदाचं नाव तेवढं बदलतात. दोन, ठरलेल्या फीमध्ये एजंटने प्रश्नावली पाठवून तयार केलेलं सबमिशन. तीन, आधी पदाचीच तपासणी करणारी आणि मग हो किंवा नाही सांगणारी सेवा. आमच्या मते पहिली फुकट मिळाली तरी घेऊ नये. दुसरी कामाची ठरते, पण प्रश्नावली कशी आहे यावर. तिसरी महाग पडते, आणि तिचेच पैसे वसूल होतात.

रेडीमेड पत्राचं काय चुकतं ते त्याच्या पहिल्याच वाक्यात दिसतं. ‘आमचा व्यवसाय झपाट्याने वाढत असून आम्हांला अनुभवी व्यक्तीची तातडीने आवश्यकता आहे.’ किती वाढला? कशावरून? आधी हे काम कोण करत होतं? एकाचंही उत्तर नाही. त्याखाली कामांची यादी असते, आणि ती ॲन्झ्स्कोच्या, म्हणजे तिथल्या सरकारी पेशा-यादीच्या, वर्णनातून जशीच्या तशी उचललेली. ॲन्झ्स्को सगळ्यांसाठी खुलं आहे, ऑफिसरसमोरही तेच असतं. त्याच ओळी त्याला परत वाचायला दिल्याने पद त्या व्यवसायात बसतं हे सिद्ध होत नाही, फक्त पत्र लिहिणाऱ्याने यादी पाहिली आहे एवढं कळतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

चांगल्या सेवेची ओळख पत्राच्या लांबीवर नाही, पहिल्या भेटीतल्या प्रश्नांवर होते. ‘ही कामं आत्तापर्यंत कोण करत होतं आणि आता त्याला का जमत नाही?’ हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत आला नाही, तर ती सेवा दुसऱ्या प्रतीचीही नाही असं समजावं. कारण खऱ्या गरजेचा उगम नेहमी कुठेतरी दाखवता येतो: कोणी राजीनामा दिला, मालकाने दुसरी शाखा उघडली, मोठं कंत्राट मिळालं, बाहेरच्या कंत्राटदाराकडून करून घेतलेलं काम आता घरात आणायचं आहे. राजीनाम्याला पत्र असतं, शाखेला भाडेकरार असतो, कंत्राटाला सही असते, कंत्राटदाराची बिलं असतात. यांपैकी काहीच नसेल तर पत्र कितीही सुंदर असो, त्याला टेकायला भिंत नाही.

एक पद जवळून पाहू, म्हणजे मुद्दा कळेल. समजा ६४ खुर्च्यांचं रेस्टॉरंट आहे, आठवड्यातून सहा संध्याकाळी आणि तीन दुपारी चालतं, आणि मालकाला कॅफे ऑर रेस्टॉरंट मॅनेजर, ॲन्झ्स्को कोड १४११११, नॉमिनेट करायचा आहे. ॲन्झ्स्कोमध्ये या पदाची कामं म्हणजे शेफशी बोलून मेन्यू ठरवणं, खास समारंभांचं नियोजन, बजेटप्रमाणे खरेदी आणि किमती, स्टॉक आणि पैशांच्या नोंदी, आरोग्याच्या नियमांचं पालन, ग्राहक समाधानी आहेत की नाहीत ते पाहणं, वेटर आणि किचनच्या लोकांची निवड, ट्रेनिंग आणि देखरेख. शेवटी एक ओळ आहे की हा माणूस बुकिंग घेऊ शकतो, पाहुण्यांचं स्वागत करू शकतो, ऑर्डर घ्यायला मदत करू शकतो. ‘शकतो’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ते काम जोडीला चालतं, पण पद त्यावर उभं राहत नाही.

आता रोस्टर उघडा. मॅनेजर पाच संध्याकाळी साडेपाच तास फ्लोअरवर आहे, म्हणजे साडेसत्तावीस तास. आठवड्याच्या ३८ तासांतले उरले साडेदहा. खरेदी, हिशेब, भरती, ट्रेनिंग, समारंभ हे सगळं त्यात बसवायचं. ऑफिसर हे पाहून म्हणणार की हा वेटर आहे, किंवा फार तर सीनियर वेटर. इथे चांगला एजंट पत्र लिहायला बसत नाही, मालकाला म्हणतो की आधी तासांचा हिशेब मांडा. सप्लायर आणि खरेदी ६ तास, रोस्टर, भरती आणि ट्रेनिंग ७, स्टॉक आणि हिशेब ६, पार्टी आणि केटरिंग बुकिंग ५, स्वच्छतेच्या नियमांची तपासणी ३, आणि उरलेले ११ तास फ्लोअरवर देखरेख. बेरीज ३८. मग प्रत्येक ओळीला एक कागद: सप्लायरची बिलं, गेल्या सहा महिन्यांची पार्टी बुकिंग, फूड सेफ्टीच्या नोंदवह्या, आणि ही कामं आज मालक स्वतः करतोय हे दाखवणारे त्याचे ईमेल. प्रत्यक्षात कामाची विभागणी अशी नसेल, तर तक्ता तसा बनवू नये. व्हिसावरची अट ८६०७ त्या माणसाला नॉमिनेट केलेल्याच कामाशी बांधते आणि मालकावरही तशीच जबाबदारी असते. कागदावर मॅनेजर आणि हातात कायम ट्रे असेल, तर पुढे तपासणीत दोघेही अडकतात.

टेबलवर सेवा नसलेल्या, काउंटरवरून पदार्थ देणाऱ्या जागेसाठी हेच पॅकेज कोणी आत्मविश्वासाने विकत असेल तर सावध व्हा. जुन्या टीएसएस व्हिसाच्या (४८२ चं आधीचं नाव) यादीत मॅनेजर, शेफ आणि कुक या पदांतून फास्टफूड आणि टेकअवेच्या जागा साफ वगळलेल्या होत्या. तिथे मेन्यू मर्यादित असतो, मग मेन्यू ठरवणारा, किचन चालवणारा माणूस कशाला, हा प्रश्न स्वाभाविकच येतो. ‘शेफ’ आणि ‘कुक’ यांतला फरकही इथेच गोंधळ करतो. शेफ स्वयंपाकाचं नियोजन आणि संयोजन करतो, कुक पदार्थ बनवतो. किचनमध्ये दोनच माणसं असतील आणि दोघेही ‘शेफ’ असतील, तर नियोजन कोण कोणासाठी करतंय?

ऑर्ग चार्ट हा सबमिशनचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे आणि आमच्या मते सर्वांत बोलका. बहुतेक पॅकेजांत चार चौकोन आणि बाण काढून काम भागवतात. चार्टवर प्रत्येकाचं नाव, पद, आठवड्याचे तास, फुलटाइम की कॅज्युअल आणि कोणाच्या हाताखाली हे असायला हवं, नवं पद रिकाम्या चौकोनात, आणि वर तारीख. नऊ जणांच्या धंद्यात तीन मॅनेजर दिसले की रचना वरून जड वाटते आणि चौथ्या मॅनेजरची गरज पटत नाही. पण खरी ठिणगी पडते ती चार्ट आणि बीएएस (टॅक्स ऑफिसला द्यायचं बिझनेस ॲक्टिव्हिटी स्टेटमेंट) यांच्यात. तिमाही बीएएसमध्ये डब्ल्यू १ या रकान्यात एकूण पगाराचा आकडा असतो. चार्टवर आठ फुलटाइम माणसं आणि डब्ल्यू १ मध्ये तिमाहीचे ४०,००० डॉलर, म्हणजे वर्षाचे १,६०,०००, माणशी २०,०००. कुठल्याच प्रौढ फुलटाइम माणसाला एवढ्या पगारावर ठेवता येत नाही. एकतर चार्ट फुगवलाय, नाहीतर पगार रोखीने दिले जातायत, आणि ऑफिसरने यांपैकी काहीही धरलं तरी नॉमिनेशन गेलं. अनेकदा कारण साधं असतं: काही जण एबीएनवर (स्वतःच्या बिझनेस नंबरवर) कंत्राटी असतात, म्हणून त्यांचा पैसा डब्ल्यू १ मध्ये येत नाही. मग चार्टवर तसं लिहा. हे दोन कागद शेजारी ठेवून न पाहणारी सेवा अर्धवट आहे, मग तिची फी कितीही असो.

पगाराच्या बाबतीत चुका फार ठरावीक असतात. १ जुलै २०२५ पासून कोअर स्किल्स या व्हिसा-गटाची किमान उत्पन्नमर्यादा ७६,५१५ डॉलर झाली, आणि हा आकडा दर जुलैत बदलतो. यात सुपरॲन्युएशन (मालकाने भरायचा निवृत्तिनिधी, थोडक्यात ‘सुपर’) धरत नाहीत. ‘८०,००० सुपरसकट’ असा करार असेल, तर १२ टक्के सुपर काढल्यावर मूळ पगार साधारण ७१,४२९ उरतो आणि मर्यादेच्या खाली जातो. शिवाय मर्यादा पार केली म्हणून काम संपत नाही. त्याच कामाला त्याच भागात ऑस्ट्रेलियन माणसाला जेवढा मिळाला असता तेवढा बाजारभाव दाखवावा लागतो. धंद्यात त्याच पदावर दुसरा ऑस्ट्रेलियन असेल तर त्याचा करार आणि पे-स्लिप, नसेल तर सॅलरी सर्व्हे किंवा जाहिराती.

उलट बाजूनेही पगार पद उघडं पाडतो. ७६,५१५ आणि त्यावर सुपरचे ९,१८२, म्हणजे वर्षाला जवळपास ८५,७००, विम्याचा खर्च वेगळा. धंद्याचा निव्वळ नफा ३०,००० असेल तर हे पैसे कुठून येणार? उत्तर असू शकतं. मालक स्वतःचा पगार कमी करणार असेल, सोडून गेलेल्या माणसाचा पगार मोकळा झाला असेल, नवं कंत्राट सुरू होणार असेल. पण ते उत्तर अकाउंटंटच्या आकड्यांसह सबमिशनमध्ये आधीच असायला हवं. व्हिसा देणाऱ्या डिपार्टमेंटने विचारल्यावर धावाधाव करणं म्हणजे वरातीमागून घोडं, आणि विचारतीलच याची खात्रीही नसते. अर्जासोबत पूर्ण पुरावा देण्याची जबाबदारी तुमचीच धरली जाते.

जाहिरातींबद्दल पॅकेजवाले सहसा काटेकोर असतात, कारण इथे नियम मोजता येण्यासारखे आहेत. सूट लागू नसेल तर किमान दोन जाहिराती, चार आठवडे अर्ज स्वीकारणाऱ्या, नॉमिनेशनच्या आधीच्या सहा महिन्यांत. ७ डिसेंबर २०२४ च्या बदलांआधी ही मुदत चार महिने होती, त्यामुळे जुनी माहिती अजून फिरते. जाहिरातीत पद किंवा कामाचं वर्णन, लागणारं कौशल्य किंवा अनुभव, स्पॉन्सरचं किंवा रिक्रूटमेंट एजन्सीचं नाव, आणि पगार ९६,४०० पेक्षा कमी असेल तर पगार हवा. फेसबुकवरची पोस्ट धरत नाहीत. स्वतःच्या वेबसाइटवरची जाहिरात फक्त ॲक्रेडिटेड (सरकारने खास मान्यता दिलेल्या) स्पॉन्सरला चालते. वर्कफोर्स ऑस्ट्रेलिया या सरकारी जॉब-साइटवर जाहिरात देण्याची सक्ती डिसेंबर २०२३ मध्ये गेली. अठ्ठावीस दिवस मोजताना एखादा दिवस कमी पडला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, म्हणून तीस दिवस ठेवणारे एजंट शहाणे.

पण जाहिरातीचा गरजेच्या पुराव्यासाठी जो उपयोग होतो, तो फार थोडे जण करतात. किती अर्ज आले, किती जणांना कामाचा हक्क होता, किती जणांशी बोलणं झालं, प्रत्येकाला का घेतलं नाही, याची एक साधी शीट. ‘अनुभव कमी’ असं सरसकट लिहू नका. ‘१२० जणांच्या केटरिंगचा अनुभव नाही, वीकेंडला येऊ शकत नाही’ असं लिहा. १८६ च्या डायरेक्ट एंट्रीला (आधी टेंपररी व्हिसावर काम न करता थेट अर्ज) जाहिरातीची ठरावीक अट नाही, म्हणून पुष्कळ एजंट तिथे भरतीचा कागदच जोडत नाहीत. आमच्या मते ही चूक आहे. ‘खरी गरज’ हे शब्द नियमात तिथे आहेतच, आणि माणूस शोधला होता पण मिळाला नाही यासारखा दुसरा सोपा पुरावा नाही. १८६ साठी पद किमान दोन वर्षं फुलटाइम उपलब्ध असल्याचंही दाखवावं लागतं, त्यामुळे एका वर्षाच्या कंत्राटावर उभं असलेलं पद तिथे लंगडं पडतं.

नातेवाईक नॉमिनेट करायचा असेल तर एजंट काय सल्ला देतो, यावर त्याची पारख करा. नातं असल्याने अर्ज आपोआप नाकारला जात नाही. पण मालकाचा भाचा, त्याच्या शिक्षणाला जुळणारं नवंकोरं पद, आणि जाहिरातीत त्याच्याच बायोडेटातल्या अटी, असं चित्र दिसलं की पद माणसासाठी बनवलं हे कुणालाही कळतं. नातं लपवा असं सांगणारा एजंट तुमचं नुकसान करतोय. खोट्या किंवा दिशाभूल करणाऱ्या माहितीवरून स्पॉन्सरशिप रद्द होऊ शकते. नातं सांगा, आणि पद त्याच्या येण्याआधीपासून होतं हे जुन्या रोस्टरने किंवा आधी तिथे काम केलेल्या माणसाच्या पे-स्लिपने दाखवा. तसंच एकाच माणसाला आधी एका कोडखाली नॉमिनेट केलं आणि नाकारल्यावर दोन महिन्यांत दुसऱ्या कोडखाली, तर जुनी फाइल डिपार्टमेंटकडे असतेच. काम खरंच बदललं असेल तर कधी आणि का, ते लिहायला हवं.

पैशांचं गणित पाहिलं की सबमिशनवर काटकसर का परवडत नाही ते कळतं. ४८२ साठी नॉमिनेशन फी ३३० डॉलर. त्यावर ट्रेनिंग फंडाची लेव्ही, म्हणजे मालकाने भरायचा सक्तीचा सरकारी आकार: उलाढाल एक कोटी डॉलरपेक्षा कमी असेल तर वर्षाला १,२००, जास्त असेल तर १,८००, आणि सगळ्या वर्षांची एकदम आधी भरायची. चार वर्षांचं नॉमिनेशन म्हणजे छोट्या मालकाचे ५,१३० डॉलर पहिल्याच दिवशी गेले. १८६ ला फी ५४० आणि लेव्ही एकदाच, ३,००० किंवा ५,०००. पद खरं वाटलं नाही म्हणून नॉमिनेशन नाकारलं, तर लेव्ही परत मिळण्याच्या ठरलेल्या कारणांत ते बसत नाही. सोबत व्हिसाचा अर्ज टाकला असेल तर तोही कोसळतो. आणि ही लेव्ही कामगाराकडून वसूल करता येत नाही, पगारातून कापूनही नाही. ‘लेव्ही कर्मचारी भरेल, आपण करारात वेगळं लिहू’ असं म्हणणाऱ्याच्या ऑफिसातून लगेच उठावं. स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे मागणं किंवा देणं हे डिसेंबर २०१५ पासून कायद्याने बंद आहे.

एजंट निवडताना आधी नोंदणी क्रमांक बघा, सात आकडी असतो, आणि ओमारा या एजंटांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर नावासह तपासता येतो. वकील असेल तर मार्च २०२१ पासून त्याला वेगळी नोंदणी लागत नाही, पण वकिलीचं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट लागतं. काम सुरू करण्याआधी लेखी करार हवा, आणि त्यात ‘नॉमिनेशन’ एवढाच शब्द असेल तर विचारा: सबमिशन कोण लिहिणार, धंद्याची जागा कोणी येऊन पाहणार का, डिपार्टमेंटने प्रश्न विचारले तर त्याचं उत्तर फीमध्ये धरलंय का, नाकारलं तर ट्रिब्युनलचं (अपिलाचं) काम वेगळं का. शेवटचा प्रश्न अवघड वाटेल, पण विचाराच. ऑक्टोबर २०२४ पासून ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनलकडे दाद मागता येते, मात्र तिथे निर्णयाच्या दिवशीही पद खरं असावं लागतं. वाट बघून मालकाने तोवर दुसऱ्याला ठेवलं, तर मूळ सबमिशन चांगलं असूनही उपयोग नाही.

आता गुण. रेडीमेड पत्राला पाचपैकी शून्य, कारण ते नुसतं निरुपयोगी नाही, घातक आहे: तेच वाक्य दुसऱ्या चार फायलींत असतं. ठरलेल्या फीच्या सबमिशनला तीन, त्यात रोस्टर, चार्ट आणि बीएएस जुळवून पाहत असतील तर. नसेल तर एक. आधी पदाची तपासणी करणाऱ्या सेवेला साडेचार. अर्धा गुण कापला तो वेळेसाठी, कारण ती नीट करायला तीन-चार आठवडे जातात आणि तेवढ्यात जाहिरातीची मुदत जवळ येते. आधीपासून एचआर विभाग आणि ऑडिट झालेले हिशेब असलेल्या कंपनीला एवढ्या सेवेची गरज नसते. दहा-पंधरा माणसांच्या धंद्याला असते.

कोणतीही सेवा घेतलीत तरी अर्ज पाठवण्याच्या आदल्या दिवशी फॉर्मची पूर्ण पीडीएफ मागून घ्या आणि एकट्याने वाचा. कामांचं वर्णन, पगार, तास, कामाची जागा आणि कर्मचाऱ्यांची संख्या हे पाच आकडे-ओळी करार, जाहिरात आणि चार्टशी पेनाने टिक करत जुळवा. कर्मचाऱ्यांची संख्या फॉर्ममध्ये ११ आणि चार्टवर ९ असेल, तर तो अर्ज त्या दिवशी पाठवू नका.